एकटाच वाचला जाणारा परिच्छेद

शोधनिबंध लिहून होतो, तक्ते आणि आलेख जागेवर बसतात, संदर्भसूची पुरी होते. मग शेवटच्या रात्री नियतकालिकाच्या संकेतस्थळावर निबंध चढवताना एक रिकामा चौकोन समोर येतो : गोषवारा. प्रस्तावनेतली दोन वाक्ये, पद्धतीचे एक आणि निष्कर्षातली दोन अशी उचलून तो भरला जातो. महिनोन्महिने केलेल्या कामातला सर्वांत जास्त वाचला जाणारा भाग असा सर्वांत कमी वेळात लिहिला जातो, हे मला मनापासून खटकते.

वाचकांच्या बाजूने पाहिले तर ही गोष्ट अधिक गंभीर आहे. तालुक्याच्या गावी प्रॅक्टिस करणारा डॉक्टर रात्री पबमेड या वैद्यकीय निबंधांच्या संकेतस्थळावर एखादी शंका शोधतो, तेव्हा बहुतेक वेळा त्याला गोषवाराच दिसतो. पुढचा निबंध पैसे भरल्याशिवाय उघडत नाही. केंद्र सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना मंजूर केली. तीन वर्षांसाठी सुमारे ६,००० कोटी रुपये, जवळपास १३,००० नियतकालिके आणि ६,३०० हून अधिक सरकारी संस्था असा तिचा आवाका आहे, आणि अनेक विद्यार्थ्यांना त्यातून पूर्ण निबंध मिळू लागले आहेत. पण खासगी दवाखान्यातला डॉक्टर, आरोग्यावर लिहिणारा पत्रकार, जिल्हा परिषदेतली अधिकारी ही माणसे पहिल्या टप्प्यात तिच्याबाहेरच राहिली. त्यांच्यासाठी गोषवारा हाच निबंध. म्हणून त्याच्याकडे निबंधाची ओळख करून देणारा मजकूर म्हणून पाहणे पुरेसे नाही. तो एकटा वाचला जातो. त्याला एकट्यानेच उभे राहता आले पाहिजे.

गोषवाऱ्याचा इतिहास पाहिला की तो लिहिण्याचे नियम का आले ते कळते. लंडनच्या रॉयल सोसायटीने १८३२ मध्ये, १८०० पासून छापलेल्या निबंधांचे सारांश पुस्तकरूपाने काढले. ते सभांच्या इतिवृत्तांवरून तयार झालेले होते, म्हणजे निबंध एकाचा आणि सारांश दुसऱ्याचा. पुढे जर्मनीत १८३० च्या दशकापासून आणि अमेरिकेत १९०७ मध्ये सुरू झालेल्या ‘केमिकल ॲबस्ट्रॅक्ट्स’मध्ये हेच काम मोठ्या प्रमाणावर झाले. रसायनशास्त्रज्ञ इतरांचे निबंध वाचत आणि त्यांत काय सापडले ते चार ओळींत लिहून देत. निबंधाच्या डोक्यावर खुद्द लेखकाने सारांश लिहायचा, ही रीत विसाव्या शतकात हळूहळू रुळली. वॉटसन आणि क्रिक यांच्या डीएनएच्या रचनेवरील १९५३ च्या ‘नेचर’मधल्या निबंधाला गोषवारा नाही, मुळात तो पानभराहून थोडाच मोठा होता. वैद्यकीय नियतकालिकांत शेवटी येणारा सारांश सुरुवातीला आला तो १९६० च्या दशकाच्या अखेरीस, आणि अमेरिकेच्या मेडलाइन या सूचीत गोषवारे दिसू लागले १९७५ पासून.

या प्रवासात सारांश करणारा परका माणूस बाजूला झाला आणि ज्याला निबंध छापून यायला हवा आहे, ज्याची बढती आणि पुढचे अनुदान त्यावर अवलंबून आहे, तोच आपल्या कामाचा सारांश लिहू लागला. त्यानंतर आलेले बहुतेक नियम या एका बदलाला आवर घालण्यासाठी आलेले आहेत.

पहिला दोष ओळखला गेला तो मात्र अतिशयोक्तीचा नव्हता, रिकामेपणाचा होता. मिशिगन विद्यापीठातले भूवैज्ञानिक केनेथ लँडिस यांनी १९५१ मध्ये पेट्रोलियम भूवैज्ञानिकांच्या नियतकालिकात एक छोटे टिपण लिहून त्यावर बोट ठेवले. ‘अमुक विषयाची चर्चा केली आहे’, ‘तमुक पद्धतीचे वर्णन केले आहे’ असे सांगणारा गोषवारा वाचकाला काहीच देत नाही, तो फक्त अनुक्रमणिका वाचून दाखवतो, असा त्यांच्या तक्रारीचा रोख. सत्तरहून अधिक वर्षे उलटली तरी आपल्याकडच्या विद्यापीठीय निबंधांत ‘विविध पैलूंवर प्रकाश टाकला आहे’, ‘सखोल ऊहापोह करण्यात आला आहे’ ही वाक्ये जशीच्या तशी आहेत. मी विद्यार्थ्यांना एक कसोटी सांगते : प्रयोग सुरू करण्यापूर्वी जो गोषवारा लिहिता आला असता, तो गोषवारा नव्हे. धरणाच्या पाण्यातले नायट्रेट मोजले असेल तर किती ठिकाणी, कोणत्या महिन्यांत, किती सापडले आणि पिण्याच्या पाण्याच्या मर्यादेपेक्षा जास्त की कमी, हे लिहायला हवे. ‘पाण्याच्या गुणवत्तेचे मूल्यमापन केले’ हे वाक्य तर पहिला नमुना घेण्याआधीच लिहिता येते.

वैद्यकात हा प्रश्न अधिक नेटाने सोडवला गेला, कारण तिथे अर्धवट गोषवाऱ्यावरून औषध लिहून दिले जाते. १९८७ मध्ये कॅनडातल्या मॅकमास्टर विद्यापीठातल्या ब्रायन हेन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या गटाने ‘ॲनल्स ऑफ इंटर्नल मेडिसिन’मध्ये प्रस्ताव मांडला की गोषवारा सलग परिच्छेदात न लिहिता ठरावीक उपशीर्षकांखाली लिहावा : उद्देश, अभ्यासाची रचना, ठिकाण, रुग्ण, उपचार, मोजमापे व मुख्य निकाल, निष्कर्ष. उपशीर्षकांमुळे भाषा सुंदर होत नाही. कित्येकदा ती तुटक होते. पण एखादी गोष्ट लिहिलीच नसेल तर ते लपत नाही. सलग परिच्छेदात तुलनेचा गट कोणता होता हे सांगायचे राहिले तर वाचक सहज पुढे जातो. उपशीर्षकाखाली जागा मोकळी राहिली की संपादकाला ती लगेच दिसते. पुढे २००८ मध्ये यादृच्छिक चाचण्यांच्या गोषवाऱ्यांसाठी ‘कॉन्सॉर्ट’ची आणि २०१३ मध्ये पद्धतशीर आढाव्यांच्या गोषवाऱ्यांसाठी ‘प्रिझ्मा’ची, काय काय लिहायलाच हवे ते सांगणारी यादी आली. वैद्यक, परिचर्या किंवा सार्वजनिक आरोग्यात संशोधन करणाऱ्याने त्या याद्या मिळवून शेजारी ठेवूनच लिहायला बसावे.

चांगला गोषवारा कसा असतो हे शिकायला मी एकच निबंध निवडीन, आणि तो गडचिरोलीचा आहे. डॉ. अभय बंग, डॉ. राणी बंग आणि ‘सर्च’ या संस्थेतल्या त्यांच्या सहकाऱ्यांनी नवजात बाळांच्या घरी जाऊन केलेल्या काळजीविषयीचा अभ्यास डिसेंबर १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’ने छापला. त्याचा गोषवारा वाचायला दोन मिनिटे पुरतात. त्यातून काय काय कळते पाहा.

सुरुवातीच्या एका वाक्यात प्रश्न येतो : विकसनशील देशांत बहुतेक नवजात बाळांना उपचार मिळत नाहीत, कारण इस्पितळे दूर आणि महाग. ना जागतिक आकडेवारीचा ढीग, ना आधीच्या संशोधकांची नामावळी. लगेच दुसऱ्या वाक्यात आपण काय केले आणि काय गृहीत धरले होते ते येते. जंतुदोषावरील उपचारांसह घरपोच काळजी दिली तर तीन वर्षांत नवजात मृत्युदर किमान २५ टक्क्यांनी घटेल, हे ते गृहीतक. ही कबुली फार मोलाची आहे. आधी किती अपेक्षा होती ते सांगितल्यावर नंतर मिळालेला आकडा कसा तोलायचा हे वाचकाला कळते, आणि निकाल पाहून मागाहून उद्दिष्ट ठरवण्याची वाट बंद होते.

पद्धतीच्या भागात ३९ गावांत हा उपक्रम झाला आणि ४७ गावे तुलनेसाठी होती हे कळते. गावातल्या प्रशिक्षित कार्यकर्त्यांनी काय केले आणि जन्म-मृत्यूंची नोंद दुसऱ्याच माणसांनी केली, हेही कळते. काम करणाऱ्याने स्वतःचा निकाल मोजला नाही, ही गोष्ट लेखकांना गोषवाऱ्याच्या मोजक्या शब्दांतही जागा देण्याइतकी महत्त्वाची वाटली. मला ती त्यांच्या शास्त्रीय शिस्तीची खूण वाटते.

निकालांत पहिला आकडा यशाचा येत नाही, सुरुवातीच्या स्थितीचा येतो : १९९३ ते १९९५ या काळात नवजात मृत्युदर दर हजार जिवंत जन्मांमागे एका भागात ६२ आणि तुलनेच्या भागात ५८. म्हणजे दोन्ही भाग जवळपास सारखे होते, किंबहुना जिथे काम करायचे होते तिथली स्थिती थोडी वाईटच होती. मग उपक्रमाच्या तिसऱ्या वर्षी ९३ टक्के बाळांपर्यंत काळजी पोचली आणि दर २५.५ वर आला. तुलनेच्या भागाचा हिशेब धरून निव्वळ घट ६२.२ टक्के. जंतुदोष झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण १६.६ टक्क्यांवरून २.८ टक्क्यांवर आले, आणि ही टक्केवारी किती बाळांवरून काढली तेही दिले आहे : आधी १६३ आणि नंतर ७१. टक्केवारी देताना पाया न देणे हा आपल्या गोषवाऱ्यांतला अगदी नेहमीचा दोष आहे. दहापैकी सात रुग्ण बरे झाले तरी ‘७० टक्के’ आणि हजारांपैकी सातशे झाले तरी ‘७० टक्के’. इथे ती पळवाट नाही. शेवटी दर बाळामागे खर्च ५.३ डॉलर, आणि दर १८ बाळांच्या काळजीमागे एक मृत्यू टळला. हा आकडा आरोग्य खात्यातल्या माणसाला थेट अंदाजपत्रकात मांडता येतो.

निष्कर्षात लेखक म्हणतात की कुपोषित, निरक्षर अशा आमच्या ग्रामीण लोकसंख्येत ही पद्धत लोकांनी स्वीकारली, ती राबवता आली आणि नवजात व अर्भक मृत्यू जवळजवळ निम्म्याने घटले. इतरत्र काय होईल याविषयीचे वाक्य संभाव्यतेचे आहे, ठाम विधानाचे नाही. जिथे मोजले तिथले सांगितले आणि बाकी जगाविषयी शक्यता मांडली. २०११ मध्ये भारत सरकारने आशा कार्यकर्त्यांमार्फत घरपोच नवजात काळजीचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू केला, त्याच्या मुळाशी हे काम आहे.

गोषवाऱ्यात आकडे द्यायचे ठरले की पहिली जबाबदारी ते खरे असण्याची. ही अगदी साधी अपेक्षा वाटते, पण १९९९ मध्येच अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या ‘जामा’मध्ये रॉय पिटकिन आणि सहकाऱ्यांनी सहा नामांकित वैद्यकीय नियतकालिकांचे निबंध तपासले, तेव्हा गोषवाऱ्यातला आकडा मूळ निबंधाशी जुळत नाही किंवा निबंधात सापडतच नाही, असे प्रमाण नियतकालिकागणिक १८ ते ६८ टक्के निघाले. लबाडी असावी असे मानायचे कारण नाही. निबंध दुरुस्त होत जातो, एखादा रुग्ण वगळला जातो, तक्ता बदलतो आणि गोषवारा मात्र पहिल्या मसुद्यातलाच राहतो. म्हणून निबंधाचे शेवटचे प्रूफ हाती आल्यावर गोषवाऱ्यातल्या प्रत्येक आकड्याखाली पेन्सिलीने तक्त्याचा क्रमांक लिहावा. ज्याच्याखाली क्रमांक लिहिता येत नाही तो आकडा काढावा. हे काम सहलेखकाने केले तर आणखी बरे.

आणखी एक दोष आकड्यांत नसतो, मांडणीत असतो. फ्रान्सच्या इझाबेल बुत्रोन आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये ‘जामा’त अशा ७२ चाचण्या तपासल्या, ज्यांत मुख्य निकाल सांख्यिकीदृष्ट्या लक्षणीय नव्हता, म्हणजे उपचाराचा फायदा सिद्ध झाला नव्हता. तरी त्यांपैकी ५८ टक्क्यांच्या गोषवाऱ्यांतला निष्कर्ष उपचाराकडे झुकवलेला होता. कुणी दुय्यम निकाल पुढे केला, कुणी एखाद्या उपगटातला फायदा, तर कुणी ‘दोन्ही उपचार सारखेच’ असे लिहून अपयशाला यशाचा रंग दिला. याचा वाचकावर परिणाम होतो का, हेही त्यांनी पुढे तपासले. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ३०० डॉक्टरांपैकी काहींना कर्करोगाच्या चाचण्यांचे झुकवलेले गोषवारे दिले आणि काहींना त्यांचीच सरळ केलेली रूपे. झुकवलेले वाचणाऱ्यांना उपचार अधिक गुणकारी वाटला. वाचणारी ही प्रशिक्षित माणसे होती. त्यामुळे ‘ज्याला शंका असेल तो पूर्ण निबंध वाचेल’ हा लेखकाचा बचाव मला मान्य नाही.

निष्कर्षाची मर्यादा निष्कर्षातच का हवी, हे २०२० मध्ये ब्रिटनच्या ‘रिकव्हरी’ चाचणीने दाखवले. कोविडच्या २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन दिले आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचे उपचार. २८ दिवसांत पहिल्या गटात २२.९ टक्के दगावले, दुसऱ्यात २५.७ टक्के. गोषवारा एवढ्यावर थांबला असता तर ‘कोविडवर स्टेरॉइड द्या’ हाच अर्थ निघाला असता. पण त्यात तीन स्वतंत्र जोड्या दिल्या आहेत. व्हेंटिलेटरवरच्या रुग्णांत मृत्यू ४१.४ वरून २९.३ टक्के. ऑक्सिजनवरच्यांत २६.२ वरून २३.३. आणि ज्यांना ऑक्सिजन लागत नव्हता त्यांच्यात स्टेरॉइड घेणारे १७.८ टक्के, न घेणारे १४ टक्के, म्हणजे फायदा दिसला नाही. हे शेवटचे बंधन निष्कर्षाच्या वाक्यातच गुंफले आहे, वेगळी तळटीप करून नव्हे. तरीही बातम्यांतून आणि व्हॉट्सॲपवरून फिरताना ते अनेकदा गळाले. २०२१ च्या दुसऱ्या लाटेत ऑक्सिजनची गरज नसलेल्यांनाही स्टेरॉइड दिली गेली, आणि महाराष्ट्रात म्युकरमायकोसिसचे रुग्ण वाढू लागले तेव्हा मधुमेहाबरोबर स्टेरॉइडच्या या बेसुमार वापराकडेही डॉक्टरांनी बोट दाखवले. या गोषवाऱ्याच्या लेखकांनी आपले काम चोख केले होते. ज्यांच्या गोषवाऱ्यात असे बंधन मुळातच नसते, त्यांच्या निबंधाचे पुढे काय होत असेल याचा विचार करावा.

हे सगळे वैद्यकातले झाले. इतर शास्त्रांत घाट बदलतो. गणितात पद्धतीला फारशी जागा नसते. कोणते प्रमेय कोणत्या अटींखाली सिद्ध केले, एवढे सांगितले की झाले. भौतिकशास्त्रात मोजमापासोबत त्रुटी दिली नाही तर आकड्याला अर्थच उरत नाही. सप्टेंबर २०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगाने न्यूट्रिनो प्रकाशापेक्षा सुमारे ६० नॅनोसेकंद आधी पोचल्याचे जाहीर केले, तेव्हा गोषवाऱ्यात सांख्यिकीय आणि यंत्रणेतली अशा दोन्ही त्रुटी वेगवेगळ्या दिल्या होत्या. पुढे प्रकाशतंतूच्या केबलची सैल जोडणी सापडली आणि दावा मागे पडला, पण दावा किती त्रुटी धरून केला आहे हे इतरांना पहिल्या दिवसापासून माहीत होते. त्याच सुमारास मायकेल बेरी, निकोलस ब्रुनर, सँडू पोपेस्कू आणि खरगपूर आयआयटीच्या प्रज्ञा शुक्ला यांनी या वेगाचे पुंजभौतिकीतून स्पष्टीकरण देता येईल का, असा प्रश्नार्थक मथळा असलेला निबंध लिहिला. त्याचा गोषवारा इंग्रजीत दोनच शब्दांचा आहे : बहुधा नाही. लोक त्याकडे गंमत म्हणून पाहतात. मला त्यात पूर्ण गोषवारा दिसतो : मथळ्यात प्रश्न, खाली उत्तर, आणि उत्तरात खात्री किती तेही.

लांबीबद्दल वाद घालण्यात अर्थ नाही, ती नियतकालिक ठरवते. ‘सायन्स’ला सुमारे १२५ शब्द चालतात, ‘नेचर’ला २००, ‘लॅन्सेट’ला ३००, ‘फिजिकल रिव्ह्यू लेटर्स’ तर ६०० अक्षरांत आटोपायला सांगते. एक जुनी गोष्ट मात्र सांगण्यासारखी आहे. मेडलाइन बरीच वर्षे लांब गोषवारे २५० व्या शब्दावर कापत असे आणि तसे कंसात नमूद करीत असे. ज्यांनी प्रस्तावनेत शब्द उधळले त्यांचे निष्कर्षच कापले गेले, आणि ते गोषवारे आजही तसेच पडून आहेत. म्हणून पार्श्वभूमीला दोन वाक्ये, फार तर तीन. विषयाचे महत्त्व पटवायला मथळा आहे, प्रस्तावना आहे.

भाषेचे काय? स्वीडनच्या काही संशोधकांनी २०१७ मध्ये १८८१ ते २०१५ या काळातले ७ लाखांहून अधिक गोषवारे तपासले आणि ते वाचायला उत्तरोत्तर कठीण होत गेल्याचे दाखवले. २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या अभ्यासकांनी पबमेडवरचे गोषवारे पाहिले. ‘अभूतपूर्व’, ‘अभिनव’, ‘भक्कम’ या अर्थाचे शब्द असलेल्या गोषवाऱ्यांचे प्रमाण १९७० च्या दशकातल्या २ टक्क्यांवरून २०१४ मध्ये साडेसतरा टक्क्यांवर गेले होते. आता लिहिण्याच्या कामात यंत्र आले आहे. दीड कोटी गोषवाऱ्यांतल्या शब्दांची मोजदाद करून २०२५ मध्ये मांडलेला अंदाज असा की २०२४ च्या जैववैद्यकीय गोषवाऱ्यांपैकी किमान १३.५ टक्क्यांवर चॅटजीपीटीसारख्या यंत्राचा हात फिरला होता.

मराठी माध्यमातून शिकलेल्या आणि इंग्रजीत निबंध लिहाव्या लागणाऱ्या विद्यार्थ्याने भाषा तपासून घ्यायला यंत्राची मदत घेतली तर मी त्याला नावे ठेवणार नाही. वर्षानुवर्षे फक्त इंग्रजीच्या अडचणीमुळे चांगले काम मागे राहिलेले आहे. पण यंत्राने गुळगुळीत केलेल्या वाक्यात क्रियापद कोणते आले ते पाहावे. ‘संबंध दिसला’ याचे ‘परिणाम झाला’ होऊ शकते, ‘आमच्या नमुन्यात’ हे शब्द गळू शकतात. माझा सल्ला असा की गोषवारा आधी मराठीत, बोलल्यासारखा लिहावा. आपण काय विचारले, कुठे आणि कशावर पाहिले, कशाशी तुलना केली, किती आले, आणि कुठपर्यंत खरे मानावे. हे मराठीत नीट सांगता येत नसेल तर अडचण इंग्रजीची नाही.

राहता राहिला परिषदांसाठी पाठवायचा गोषवारा. तो पाठवण्याची तारीख सहा-आठ महिने आधी असते, आकडे अजून यायचे असतात, आणि ‘निकाल सादर केले जातील’ असे लिहून जागा अडवली जाते. २०१८ च्या कोक्रेन आढाव्यात तीन लाखांहून अधिक परिषद-गोषवाऱ्यांचा मागोवा घेतला गेला. त्यांपैकी पूर्ण निबंध म्हणून पुढे प्रसिद्ध झाले ते ३७ टक्क्यांच्या आसपास. उरलेल्या कामांची छापील नोंद म्हणजे स्मरणिकेतला तो एक परिच्छेद. पुढचा संशोधक तोच प्रश्न घेऊन येईल तेव्हा त्याला सापडलाच तर तेवढाच सापडेल. म्हणून अर्धे नमुने तपासून झाले असतील तर अर्ध्यांचे आकडे द्यावेत आणि ते अर्ध्यांचे आहेत हे लिहावे. एकही आकडा हातात नसेल तर त्या वर्षीची परिषद सोडून द्यावी आणि पुढच्या वर्षी पाठवावे.